दवाखान्याच्या मागचा पत्ता

आमच्या दवाखान्यात बाळंतपणाच्या खोलीच्या चारी भिंतींवर वारली चित्रं काढलेली आहेत. गेरूच्या रंगावर पांढरी माणसं, हातात हात घालून गोल नाचणारी. चित्रं सुबक आहेत, काढणाऱ्याचा हात चांगला होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आमचा दवाखाना शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. इथल्या पाड्यांवर राहतात पावरा लोक. वारली राहतात पार तिकडे, समुद्राच्या बाजूला. चित्रं पुरी झाली तेव्हा पाड्यावरची दाई आली होती. तिने सगळ्या भिंती निरखून बघितल्या आणि अगदी मनापासून मला विचारलं की हे लोक कुठले. मी म्हटलं, काय माहीत आजी, साहेबांच्या सोयऱ्यांपैकी असतील.

तेव्हा आम्ही दोघी हसलो होतो. आता ती भिंत दिसली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मी नर्स आहे. माहेर असोद्याचं, केळी-कापसातलं घर, सासर जळगावचं. नोकरीची बरीच वर्षं मी जळगावाजवळच काढली, मग बदली झाली ती थेट डोंगराखाली. पहिल्या वर्षी मला वाटायचं, या बायकांना समजावून सांगितलं की त्या येतील. मी पाड्यावर जायची, पोस्टर उघडून दाखवायची, घरी बाळंत होण्यात काय धोका आहे ते घसा कोरडा होईपर्यंत सांगायची. बाया ऐकायच्या, मान डोलवायच्या, महूच्या झाडाखाली मला बसायला खाट द्यायच्या, चहा पाजायच्या. आणि दिवस भरले की घरीच बाळंत व्हायच्या. मी चिडून परत यायची. अडाणी, हट्टी, अंधश्रद्धाळू, असलं सगळं मी त्या काळात बोललेली आहे. खोटं कशाला सांगू?

त्या पाड्यावरची बहुतेक बाळंतपणं ज्या दाईच्या हातची, ती सत्तरीला आलेली, काटक, कमी बोलणारी बाई. बाजारामुळे तिला अहिराणी येते, माझ्याशी ती तीच बोलते. दोन वर्षं तिच्या दारात जाऊन मी बसले तेव्हा कुठे तिने खरं कारण सांगितलं. सुईला त्या घाबरत नव्हत्या, डॉक्टर पुरुष असल्याचंही त्यांना एवढं काही नव्हतं. कारण होतं वार. बाळामागून पडते ती वार. पाड्यावर ती मडक्यात घालून घराच्या दाराशी पुरतात. जिथे वार, तिथे त्या माणसाचं घर. पुढे तो ऊसतोडीला गुजरातेत जावो, नाही तर कुठे बांधकामावर जावो, त्याचे पाय फिरून तिथेच येणार. ज्याची वार दाराशी नाही, त्याचे पाय घरात ठरत नाहीत. आणि दवाखाना काय करतो? बाळ हातात देतो आणि वार ठेवून घेतो. दाईने विचारलं, तुम्ही तिचं करता काय? तोवर ते मला कुणी विचारलंच नव्हतं.

दिवाळीला असोद्याला गेले तेव्हा हे सगळं आईला सांगितलं. जरा नवलाईच्या सुरातच सांगितलं असणार, बघ, या लोकांचं कसं असतं. आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यात काय नवाल हाये व माय? तुही वार बी आपल्या न्हानीजोळच पुरेल हाये."

मी त्या न्हाणीपाशी जाऊन उभी राहिले. सिमेंटचा कोबा, एक जास्वंदीचं झाड, बादली. पन्नाशी ओलांडली तरी वर्षातून चारदा माझे पाय त्या दारात येतात. आमची ती रीत, आणि त्यांची ती अंधश्रद्धा. वा रे वा.

परत आल्यावर मी त्या वेळच्या डॉक्टरांना विचारलं. ते निवृत्तीला आलेले, शांत गृहस्थ. म्हणाले, सिस्टर, तुम्ही काय देता आणि ते काय नेतात, मी काही बघितलेलं नाही. बस, एवढं पुरलं. बाळंतपण झालं की मी वार नीट बघायची, तुकडा आत राहिला नाही ना याची खात्री करायची, आणि दाईने आणलेल्या मडक्यात घालून, वर फडकं बांधून तिच्या हातात द्यायची. दाईला आत येऊ द्यायची. घरी बाई आढ्याच्या दोरीला धरून उकिडवी बसते, ती दोरी काही माझ्याकडे नव्हती, पण दाईच्या गळ्याला धरून बाया उभ्या राहायच्या, कळा द्यायच्या. आणि बाया यायला लागल्या. आधी एक आली, मग तिची जाऊ आली, मग पलीकडच्या पाड्यावरची कुणी. एकही पोस्टर न उघडता.

आता मुख्य गोष्ट. दाईची धाकटी सून. तिचं आधीचं बाळंतपण माझी बदली व्हायच्या आधीचं, घरीच झालेलं. बाळ वाचलं, पण वार पडल्यावर तिला जो रक्तस्राव लागला तो थांबेना. झोळीत घालून तिला डांबरी रस्त्यापर्यंत आणलं, तिथून शिरपूर, शिरपूरहून धुळे. ती जगली हे नशीब. दाईने हे सांगताना स्वतःच्या हातांकडे बघितलं होतं. एवढ्या बाया या हातांनी सोडवल्या, आणि घरच्या सुनेचं रक्त या हातांनी थांबलं नाही. तीच सून पुन्हा गरोदर राहिली. मी कार्ड बघितलं, रक्त कमी, मागचा इतिहास असा. ही घरी बाळंत झाली तर या वेळी धुळ्यापर्यंत पोचणार नाही, हे मला दिसत होतं आणि दाईलाही दिसत होतं.

तिच्या नवऱ्याचं मन होत नव्हतं. दाई माझ्याकडे आली. म्हणाली, मी आणते तिला, पण वार माझ्या हातात दे, तुझ्या जबानीवर मी घरात बोलेन. मी जबान दिली.

आणि नेमका तेव्हाच प्रकल्प आला.

नवे डॉक्टर आले होते, आणि त्यांच्या वर तालुक्याचे तरुण साहेब, बोलायला गोड, पाड्यावर कधी गेलेले नाहीत. त्यांनी सांगितलं की आपल्या दवाखान्याची निवड झाली आहे, आदिवासींच्या संस्कृतीला अनुरूप अशी बाळंतपणाची खोली करायची आहे, सिस्टर, तुमचा अनुभव मोठा, काय काय हवं ते लिहून द्या. मला इतका आनंद झाला! बसून एका कागदावर चार ओळी लिहिल्या. छताला एक मजबूत दोरी. सोबत एक बाई आत. मक्याची राबडी शिजवायला चूल नाही तर शेगडी. आणि वार परत द्यावी. चार ओळी, एवढंच. माझा कागद साहेबांनी फाइलला लावला, लावताना मी स्वतः बघितलं.

काय आलं? बांबूची कमान आली. वारली चित्रं आली. 'संस्कृती कोपरा' आला, म्हणजे एका टेबलावर ढोल, तीर-कामठा, टोपली. तीर-कामठा दाईच्याच घरून मागून आणला, तो अजून परत गेलेला नाही. आणि दोरी आली बरं का. छताला नाही, त्या कोपऱ्यात, खिळ्याला गुंडाळी करून लटकवलेली, खाली छापील पट्टी, 'पारंपरिक प्रसूतीची दोरी'. वाचता येणाऱ्यांनी वाचावी, धरता येणाऱ्यांनी लांबून बघावी. उद्घाटनाला आम्ही नर्सांनी आदिवासी पोशाख घालायचा ठरलं. कपडे धुळ्याहून आले, शाळांच्या गॅदरिंगला भाड्याने देतात तसले, आणि त्यातले निम्मे कोळणीचे निघाले. मी म्हटलं, मी माझ्या युनिफॉर्ममध्येच बरी. साहेबांना ते आवडलं नाही. रोग म्हशीला आणि इलाज पखालीला म्हणतात, तो मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितला, नारळ फोडून.

दाईच्या सुनेला आठवा सरून नववा लागला होता. तिलाच पुढे बसवून ओटी भरली, फोटो काढला. फोटोत ती हसत नाही.

त्याच दिवशी जेवणं चालू असताना मी वारेचं विचारलं. साहेब म्हणाले, तेवढं जमणार नाही. आता तपासणी होणार, गुण मिळणार, वार पिवळ्या पिशवीतच गेली पाहिजे. मी सांगितलं की बाया त्यामुळेच येतात. दाईला मी शब्द दिलाय हेही सांगितलं. ते म्हणाले, "सिस्टर, तो जैविक कचरा आहे."

मी विचारलं, "साहेब, तुमची कुठे पुरलीय?"

ते गोंधळले. आईला विचारावं लागेल म्हणाले, आणि जिलेबी घ्यायला उठले.

मी त्यांना म्हटलं, मग पाटीवरून संस्कृती हा शब्द काढा. नवे डॉक्टर माझ्या बाहीला धरून मला बाजूला घेऊन गेले. माझं ठरलं होतं, कोण काय म्हणेल ते म्हणो, सुनेच्या बाळंतपणाला मीच खोलीत असेन आणि मडकं मीच भरीन. पण आठवड्याने पत्र आलं. धुळ्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण, हजेरी सक्तीची, विषय सांस्कृतिक संवेदनशीलता. मी जाणार नाही म्हटलं, सुनेचे दिवस भरत आलेत म्हटलं. प्रकल्पाच्या दवाखान्यातूनच कुणी गेलं नाही तर कसं दिसेल, असं उत्तर आलं. जाताना मी कंत्राटी नर्सला, पोरसवदा मुलगी ती, नीट सांगून गेले. मडकं आणतील. वार मडक्यात. जबाबदारी माझी.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत आमच्या दवाखान्याच्या गाडीच्या ड्रायव्हरचा फोन आला. माणूस शिरपूरकडचाच, भला. म्हणाला, "ताई, सून सुटनी, पोऱ्या शे, बठ्ठं बरं शे. पन डोकरी फाटकजोडे मडकं लिसन बशेल शे, ती काई उठत नई."

सून सुटली, मुलगा झाला, पण म्हातारी मडकं घेऊन फाटकाशी बसून आहे म्हटल्यावर मला कळलं, आणि बाकीचं मी त्या कंत्राटी नर्सला फोन लावून ऐकलं. सून सकाळीच आली होती. दाईने आणली होती, नवऱ्याशी भांडून, माझ्या जबानीवर. बाळ झालं, आणि या वेळीही रक्त सुटलं. पण या वेळी इंजेक्शन होतं, सलाईन होतं, त्या पोरसवदा मुलीने पोट दाबून धरलं, डॉक्टर धावले, आणि रक्त थांबलं. हे मी मुद्दाम सांगते. दवाखान्याने त्या बाईचा जीव वाचवला. घरी ती गेली असती. आणि मग त्याच दवाखान्याने वार पिवळ्या पिशवीत घालून पिशवी बांधली. मुलगी रडत मला फोनवर सांगत होती, मॅडम, साहेबांनी सकाळीच फोन करून वारेचं विचारलं होतं, माझी कंत्राटाची ऑर्डर संपत आलीय. मी तिला काय बोलणार?

दुपारी प्रशिक्षणात रंगीत चिठ्ठ्या वाटल्या. आदिवासी समाजात आढळणारा एक गैरसमज लिहा, आणि फळ्यावर चिकटवा. मी लिहिलं, 'त्यांना वाटलं नर्सबाईचा शब्द खरा असतो.' प्रशिक्षक बाईंनी चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि छान म्हणाल्या. संवेदनशीलतेचं प्रमाणपत्र अजून माझ्या कपाटात आहे.

परत आल्यावर आधी पाड्यावर गेले. दाईने खाट टाकली, पाणी दिलं. सून आत बाळाला पाजत होती, चेहऱ्यावर रंग आला होता. मडकं दाराशी पालथं घातलेलं. मी माफी मागितली. दाईने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं की ती पिशवी गेली कुठे.

आणि या वेळी मला उत्तर माहीत होतं. शहरातली कचरा नेणारी गाडी डोंगराखाली येत नाही. म्हणून आमच्या दवाखान्याच्या मागे, नियमाप्रमाणे, एक खोल खड्डा बांधलेला आहे. वर लोखंडी झाकण, झाकणाला कुलूप, किल्ली साहेबांच्या हुकमाशिवाय मिळत नाही. वार त्यात टाकतात, वर चुना आणि माती. त्या झाकणाशेजारून मी रोज डबा धुवायला जाते. साहेबांशी भांडले, जिलेबीच्या ताटासमोर भांडले, पण हे माझ्या डोक्यात आलं नाही. याचा राग मला साहेबांपेक्षा स्वतःचा जास्त येतो.

मी सांगितलं, मागे खड्डा आहे, त्यात पुरली.

दाईने ते दोनदा विचारून खात्री करून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही बी गाडतस. मंग आमनं आमना दारजोडे का नई?"

सांगा, कोण देईल याचं उत्तर? तेही पुरतात, आम्हीही पुरतो. फरक इतकाच, की त्यांच्या दाराशी पुरली तर ती अंधश्रद्धा आणि आमच्या कुलपाखाली पुरली तर तो नियम.

दीड महिन्यांनी लसीकरणाच्या दिवशी दाई बाळाला घेऊन आली. सून सोबत होती, आपल्या पायाने चालत. मी बाळाचं कार्ड भरायला घेतलं. आईचं नाव, वजन, आणि पत्त्याच्या रकान्यात पाड्याचं नाव लिहायला लागले, तर दाईने माझ्या हातावर हात ठेवला. ती भांडत नव्हती. बाजारात वजन बरोबर आहे का बघावं तशी ती शांतपणे बोलली. हा पाड्याचा नाही. याची वार तुझ्या दवाखान्याच्या मागे आहे. याचं घर तिथे आहे. तसं लिही.

सून खाली बघत होती. तिचे डोळे भरलेले होते, आणि ते पाणी दवाखान्याने जीव वाचवल्याचं नव्हतं. मी पेन धरून बसले. रांगेतल्या बाया बघत होत्या. मग मी लिहिलं, कार्डावर आणि नोंदवहीतही, 'दवाखान्याच्या मागे, झाकणाखाली.' दाईला वाचून दाखवलं. तिने मान हलवली. मग म्हणाली की पाड्यावर अजून एकीचे दिवस भरत आलेत, तिला आणू का नको, ते तू सांग. पुन्हा जबान मागत होती. जिचा शब्द पडला, त्या माझ्याकडेच.

मी म्हटलं, आण.

ती बाई आली, ऐन दुपारी, तपासणीच्या आदल्या दिवशी. कोपऱ्यातली दोरी मी खिळ्यावरून काढली आणि ड्रायव्हरकडून छताच्या हुकाला बांधून घेतली. ती बाई दोरीला धरून बाळंत झाली, मुलगी झाली. वार मी बघितली, मडक्यात घातली, फडकं बांधलं आणि दाईच्या हातात दिली. मागच्या दाराने नाही. पुढच्या, त्या बांबूच्या कमानीतून दाई मडकं घेऊन गेली, आणि नवे डॉक्टर खिडकीतून बघत होते. तेही हळूहळू न बघायला शिकतील.

मग नोटीस आली, कारणे दाखवा. दोन मुद्दे होते. एक, अमुक बालकाच्या नोंदीत पत्ता चुकीचा लिहिला असून संगणक तो घेत नाही, दुरुस्ती करावी. दोन, अमुक प्रसूतीतील जैविक कचऱ्याची विल्हेवाट कोठे लावली, खुलासा करावा. माझ्या नवऱ्याने सांगितलं, माफी लिहून टाक, चार वर्षं राहिली नोकरीची, कशाला आगीत हात घालतेस. मी दोन दिवस विचार केला. मग दोन्ही मुद्द्यांचा खुलासा एकातच लिहिला.

'पहिल्या बाळाची वार आपण ठेवून घेतली, म्हणून त्याचा पत्ता दवाखाना. दुसऱ्या बाळाची वार तिच्या दाराशी पुरली, म्हणून तिचा पत्ता पाडा. दोन्ही नोंदी बरोबर आहेत. पहिला पत्ता दुरुस्त करायचा असेल तर झाकणाची किल्ली पाठवावी.'

खाली सही केली, शिक्का मारला, आणि साहेबांकडे पाठवून दिलं. किल्ली अजून आलेली नाही. मुलगा आता रांगतो.